एआयएसचा दिवा रात्री लाल, सकाळी हिरवा

गेल्या हंगामात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरच्या तांडेलाचा, म्हणजे नौका चालवणाऱ्याचा, महिन्याभरात तिसऱ्यांदा फोन आला. "वायरमन, रात्री परत लाल झाला. आता ती पेटीच बदला." पेटी म्हणजे एआयएस, आपली नौका कुठे आहे ते आजूबाजूच्या जहाजांना रेडिओवरून आपोआप कळवणारं यंत्र. त्याचं काही चुकत नव्हतं. मी दोनदा जाऊन आलो होतो. पहिल्यांदा पेटीमागचं अँटेनाचं कनेक्टर नवं बसवलं, दुसऱ्यांदा फ्यूज बदलला. दोन्ही वेळा धक्क्यावर दिवा हिरवा झाला आणि दोन्ही वेळा समुद्रात दोन-चार रात्रींत पुन्हा लाल झाला. मी बघत होतो ते दिवसा, इंजिन चालू असताना. बिघाड येत होता तो रात्री, नांगरावर, इंजिन बंद असताना. तो कसा सापडला ते पुढे सांगतो. आधी दिव्यांबद्दल, कारण पुष्कळ जण दिवा लाल दिसला की तडक नव्या पेटीचा भाव विचारतात.

आपल्याकडे २० मीटरपेक्षा लांब मच्छीमार नौकांना २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर एआयएस सक्तीचं झालं. या नौकांवर असतो तो बहुतेक क्लास बी, म्हणजे छोट्या नौकांसाठीचा प्रकार. ही पेटी आपली जागा, वेग, दिशा आणि नौकेची ओळख असलेला नऊ आकडी एमएमएसआय नंबर व्हीएचएफ रेडिओच्या १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन चॅनलवर पाठवते. साध्या क्लास बी पेटीची ताकद २ वॅट, मोठ्या जहाजांवरच्या क्लास एची १२.५ वॅट. नौका २ नॉटपेक्षा जास्त वेगाने चालत असेल तर दर ३० सेकंदांनी निरोप जातो. उभी असेल तर दर ३ मिनिटांनी. हे आकडे लक्षात ठेवा, निदानात पुढे लागतात.

बऱ्याच क्लास बी पेट्यांवर चार दिवे असतात. हिरवा म्हणजे पेटीने निदान एक निरोप पाठवलाय आणि तिच्या मते सगळं ठीक आहे. पिवळा म्हणजे ती थांबलीय, अजून पाठवू शकत नाही. लाल म्हणजे तिला दोष सापडलाय. निळा म्हणजे कोणीतरी पाठवणं मुद्दाम बंद केलंय. काही पेट्यांना एकच दिवा असतो आणि तो किती वेळा लुकलुकतो त्यावरून अर्थ लावायचा असतो. तेव्हा पेटीबरोबर आलेलं पुस्तक केबिनमध्येच, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. नाखव्याच्या घरी कपाटात ठेवलेल्या पुस्तकाचा समुद्रात उपयोग नाही.

एक गोष्ट मी प्रत्येक तांडेलाला सांगतो. लाल दिवा लागलेला असतानाही पुष्कळदा आजूबाजूची जहाजं आपल्या पडद्यावर दिसत राहतात, कारण ऐकणं चालू असतं आणि पाठवणं बंद पडलेलं असतं. कंटेनर जहाज आपल्याला दिसतंय म्हणून आपणही त्याला दिसतोय असं वाटतं, आणि न्हावा-शेव्याच्या वाटेवर मध्यरात्री असं वाटणं जिवावर बेततं. म्हणून लाल दिव्यावर कापड टाकून मासेमारी चालू ठेवू नका. मी तसं टाकलेलं कापड पाहिलंय.

लाल: आधी वीज

आता तो ट्रॉलर. तिसऱ्या वेळी मी संध्याकाळी गेलो आणि अंधार पडेपर्यंत केबिनमध्ये बसून राहिलो. इंजिन बंद करायला लावलं, रात्री असतात ते सगळे दिवे लावायला सांगितले आणि पेटीच्या प्लगवर मीटर धरला. दिवे नसताना १२.३ व्होल्ट. डेकवरचे फ्लडलाइट लावल्यावर १०.९. पेटी अजून चालूच होती, दिवा हिरवाच होता. इथेच मी आधी दोनदा फसलो होतो, कारण १०.९ व्होल्टवर पेटी मजेत चालते.

पण पेटी निरोप पाठवते तेव्हा क्षणभर २ अँपियरच्या आसपास वीज ओढते, आणि तो क्षण फक्त २६ मिलिसेकंदांचा. साध्या मीटरला तो दिसतच नाही. म्हणून मी एक जुनी युक्ती करतो. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब पेटीच्या प्लगला, पेटी काढून, जोडायचा. बल्ब जवळजवळ तेवढीच वीज ओढतो, पण सतत, त्यामुळे मीटर नीट वाचता येतो. बल्ब लावला आणि मीटरवर ९.३ आले. १२ व्होल्टच्या पेट्यांना सहसा ९.६ व्होल्ट ही खालची मर्यादा असते. म्हणजे दर निरोपाला पेटी भुकेने कोलमडत होती आणि लाल दिवा लावत होती. पहाटे इंजिन सुरू झालं की अल्टरनेटरमुळे व्होल्टेज चढायचं आणि दिवा पुन्हा हिरवा व्हायचा.

दोष सापडला तांडेलाच्या बाकाखाली. फ्लडलाइटची आणि एआयएसची निगेटिव्ह वायर एकत्र पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. टेप सोडली तर आत तांबं नव्हतंच म्हणायचं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसा हिरवा, ओलसर थर होता आणि वायर बोटांत चुरली. एआयएसची वायर थेट बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजसह, जाड तांब्याची ओढली. बल्बसकट ११.७ व्होल्ट मिळाले. त्या हंगामात तो फोन पुन्हा आला नाही.

त्यामुळे दिवा कधीमधी लाल होत असेल तर पहिला प्रश्न हा, की तेव्हा आणखी काय चालू होतं. फ्लडलाइट, विंच, पाण्याचा पंप, दुसऱ्या बॅटरीचा चार्जर. वेळ आणि चालू असलेली यंत्रं पेन्सिलने भिंतीवर लिहून ठेवा. त्या तांडेलाने "रात्रीच होतं, सकाळी जातं" एवढं सांगितलं होतं, ते मी पहिल्याच वेळी मनावर घेतलं असतं तर त्याच्या दोन फेऱ्यांचं डिझेल वाचलं असतं.

लाल: मग अँटेना

वीज ठीक असूनही दिवा लाल, आणि तोही सतत, असेल तर नव्वद टक्के वेळा मी वर डोलकाठीकडे बघतो. पेटी पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत आली ते मोजते. अँटेना तुटली, केबल दबली किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेलं तर शक्ती वर जायची ती परत फिरते, आणि पेटी स्वतःला वाचवण्यासाठी लाल दिवा दाखवते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या, वरून कोकणचा पाऊस. नारळीपौर्णिमेच्या सुमाराला माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याचशा या दोन महिन्यांत कनेक्टरमध्ये उतरलेल्या पाण्याच्या असतात.

तपासायचा सोपा मार्ग प्रत्येक नौकेवर आधीच आहे: बोलण्याचा व्हीएचएफ सेट. एआयएसच्या अँटेनाची केबल काढून व्हीएचएफ सेटला लावा, ताकद १ वॅटवर ठेवा आणि चार-पाच मैलांवरच्या ओळखीच्या नौकेला बोलत्या चॅनलवर हाक द्या. आवाज स्वच्छ गेला तर अँटेना आणि केबल बहुतेक ठीक. खरखर आली किंवा उत्तरच आलं नाही, पण सेटच्या स्वतःच्या अँटेनावर बोलणं नीट होतंय, तर दोष वर आहे. पेटीला काही झालेलं नाही. दोन्हींची कनेक्टर वेगळी असतील तर एक जोड पीस टूलबॉक्समध्ये ठेवा. अँटेना न जोडता मात्र पेटी किंवा सेट कधीही पाठवणीसाठी चालू ठेवू नका.

मीटरने बघायचं असेल तर केबल दोन्ही टोकांनी सोडवून मगच बघा. मधली तार आणि वरची जाळी यांच्यात काहीही जोड दिसता कामा नये. अँटेना जोडलेली असताना मोजू नका, कारण काही चांगल्या अँटेना आतूनच शॉर्ट दाखवतात, तीच त्यांची रचना असते. एक चांगली अँटेना अशीच, मीटर शॉर्ट दाखवतोय म्हणून, फेकून दिलेली मी धक्क्याच्या कचऱ्यात पाहिली आणि उचलून आणली.

नवं कनेक्टर लावलं की त्यावर आधी ताणली की स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, मग साधी टेप. टेप खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे कौलांसारखे थर पडून पाणी बाहेर ओघळतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कनेक्टरला लावू नका, त्यातल्या आम्लाने तांबं खातं. केबल कनेक्टरजवळ एकदा खाली झुकवून मग वर घ्या, पाणी त्या झुकलेल्या जागी टपकून जातं. सागवानी होडीच्या सुतारापासून हे शिकायला मला चार वर्षं लागली.

अँटेनाची जागाही बघा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या बसवणीच्या सूचनांनुसार एआयएसची अँटेना मुख्य व्हीएचएफ अँटेनाच्या बरोबर वर किंवा खाली, दोन-तीन मीटर अंतर ठेवून असावी. दोन्ही एकाच पातळीवर असतील तर त्यांच्यात १० मीटर हवेत. ट्रॉलरवर १० मीटर कुठून आणणार? म्हणून वर-खालीच लावा. एकाच आडव्या नळीवर हातभर अंतराने दोन अँटेना दिसल्या की तिथे सेटवर बोलताना एआयएस गडबडणार हे मी खालूनच सांगतो.

पिवळा: घाई करू नका

पिवळ्या दिव्याच्या निम्म्या तक्रारी घाईच्या असतात. पेटी चालू झाली की जीपीएस मिळायला वेळ लागतो, आणि दोन महिने बंद असलेल्या पेटीला उघड्या आकाशाखालीही १५-२० मिनिटं लागू शकतात. त्यानंतर पहिला निरोप जायला ३ मिनिटांपर्यंत थांबावं लागतं. तांडेल दोन मिनिटं बघतो, पिवळाच आहे म्हणून स्विच बंद-चालू करतो आणि सगळं पहिल्यापासून. असं पाच-सहा वेळा झालं की पेटी खराब ठरते. चालू करा, बर्फ भरा, चहा घ्या, मग बघा.

तरीही पिवळा राहिला तर जीपीएसची अँटेना बघा. ती बहुतेक केबिनच्या छपरावर पांढऱ्या मशरूमसारखी असते. ऑगस्टमध्ये नौका रंगवताना छपराबरोबर तिलाही रंगाचे दोन हात दिलेले मला दरवर्षी एखाद्या तरी नौकेवर सापडतात. रंगात अ‍ॅल्युमिनियमची पूड असेल तर उपग्रहाचा आधीच क्षीण असलेला संदेश आत पोचत नाही. त्या मशरूमवर ओली ताडपत्री, जाळ्याचा ढीग, लोखंडी पाण्याची टाकीही आलेली पाहिलीय. अँटेनाची केबल सोडून पेटीच्या बाजूला मधली तार आणि कडं यांच्यात मीटर धरला तर ३ ते ५ व्होल्टच्या दरम्यान काहीतरी दिसायला हवं, कारण ही अँटेना पेटीकडूनच वीज घेते. व्होल्टेज नसेल तर दोष पेटीत. व्होल्टेज आहे आणि जागा मिळत नाही, तर केबल किंवा मशरूम बदला.

पिवळ्याची आणखी दोन कारणं आहेत आणि त्यांत दुरुस्त करण्यासारखं काही नाही. क्लास बी पेटी बोलण्याआधी चॅनल रिकामा आहे का ते ऐकते, आणि गजबजलेल्या बंदराजवळ तिला जागा मिळायला उशीर होतो. शिवाय किनाऱ्यावरचं केंद्र क्लास बीला १५ मिनिटांपर्यंत गप्प राहायला सांगू शकतं. बंदरापासून दूर गेल्यावर दिवा आपोआप हिरवा होत असेल तर पेटीला हात लावू नका.

एलईडी दिव्यांचं मात्र गंभीरपणे बघा. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने ऑगस्ट २०१८ मध्ये इशारा दिला होता की काही एलईडी दिवे व्हीएचएफ आणि एआयएसच्या ऐकण्यात अडथळा आणतात. स्वस्त फ्लडलाइट आणि डोलकाठीवरचा एलईडी दिवा हे दोन संशयित. व्हीएचएफ सेट शांत चॅनलवर लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) खरखर जेमतेम बंद होईपर्यंत फिरवा आणि मग एकेक दिवा लावा. ज्या दिव्याने खरखर परत आली तो दोषी. दिवा लांब हलवा, वायरवर फेराइटचं, म्हणजे खरखर शोषणारं, कडं घाला किंवा सरळ बदला.

निळा

निळा दिवा म्हणजे बिघाड नाही, पाठवणी बंद केलीय. कधी स्विच चुकून दाबला जातो, कधी चांगली मासळी लागलेली जागा दुसऱ्यांना कळू नये म्हणून मुद्दाम. जागेचं मोल मला कळतं, माझं घरही धक्क्याच्याच जीवावर चालतं. तरीही रात्री, धुक्यात आणि जहाजांच्या वाटेवर पाठवणी चालू ठेवा, म्हणजे निळा दिवा विझलेला दिसला पाहिजे. त्या स्विचला मी झाकण लावून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

हिरवा, आणि तरी दिसत नाही

हा बिघाड मला सगळ्यात जास्त छळतो. दिवा हिरवा, तांडेल निर्धास्त, आणि दुसऱ्या नौकेच्या पडद्यावर आपण नाहीच. हिरवा दिवा एवढंच सांगतो की पेटीतून शक्ती गेली आणि फारशी परत आली नाही. केबलमध्ये पाणी मुरलं असेल तर शक्ती वाटेतच उष्णता होऊन संपते. वर पोचत नाही आणि परतही येत नाही, म्हणून पेटीला सगळं ठीक वाटतं. खराब केबल अशा वेळी अँटेनाचा दोषही झाकून टाकते.

हे पेटीच्या दिव्याने कळणार नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांनीच कळेल. हंगामाच्या सुरुवातीला आणि नंतर महिन्यातून एकदा एआयएस असलेल्या ओळखीच्या नौकेला व्हीएचएफवर विचारा: "आमचं नाव दिसतंय का, किती मैलांवर?" मग वेगळे व्हा आणि नाव कुठे गायब होतं ते विचारा. क्लास बी छोट्या नौकेवरून दुसऱ्या छोट्या नौकेला पाच-सात मैल दिसला तर समाधान माना. दोन मैलांत गायब होत असाल तर केबलचं दोन फूट टोक कापून बघा. आतलं तांबं गुलाबी-चकचकीत असेल तर बरं, काळं असेल तर अख्खी केबल बदला. टोक कापून नवं कनेक्टर लावण्यात पैसे घालू नका, पाणी कुठवर गेलंय ते कोणी सांगू शकत नाही.

मोबाइलवरच्या जहाजं दाखवणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका. ती किनाऱ्यावरच्या केंद्रांना ऐकू आलं तेवढंच दाखवतात. आपण त्यांच्या टप्प्याबाहेर असाल तर पेटी उत्तम असूनही दिसणार नाही.

आणखी एक: जुनी पेटी विकत घेतली असेल तर एमएमएसआय तपासा. भारतीय नौकेचा नंबर ४१९ ने सुरू होतो. क्लास बीमध्ये तो बहुधा एकदाच टाकता येतो, नंतर विक्रेत्याकडेच न्यावी लागते. तोवर आपण दुसऱ्याच्या नावाने फिरतो. त्या नंबरची दुसरी नौकाही समुद्रात असेल तर पडद्यावरची खूण या नौकेवरून त्या नौकेवर उड्या मारते.

मोठ्या जहाजांवरच्यांसाठी थोडं

आपल्याकडचे बरेच जण मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहेत आणि क्लास एच्या अलार्मबद्दल विचारतात. तिथे दिव्याऐवजी क्रमांक येतो. ००१ म्हणजे पाठवणी बंद. ००२ म्हणजे अँटेनाकडून शक्ती परत येतेय, पण पाठवणी चालू राहते, म्हणून लोक तो दुर्लक्षित करतात आणि पावसाळ्यात त्याचा ००१ होतो. ००३ आणि ००४ म्हणजे ऐकणाऱ्या दोन चॅनलपैकी एकात बिघाड. ००८ म्हणजे पडद्याशी जोड तुटली, बहुधा मागचं कनेक्टर सैल. ०२५ म्हणजे बाहेरचा जीपीएस हरवला, आतला चालतोय. ०२६ आला तर मात्र जागाच नाही आणि जहाज ९१ अंश अक्षांश, १८१ अंश रेखांश असे अर्थहीन आकडे पाठवू लागतं. ०३२ म्हणजे हेडिंग, म्हणजे जहाजाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते, मिळत नाही. वारंवार येत असेल तर जायरो होकायंत्राकडून माहिती येण्याचा वेग (बॉड रेट) आणि एआयएसने अपेक्षिलेला वेग, म्हणजे ४८०० की ३८४००, जुळतोय का ते आधी बघा. अलार्म स्वीकारला की आवाज थांबतो, दोष राहतो. स्वीकारल्यावर यादी उघडून बघा. आणि होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या बाजूला ०२६ आला तर पेटी उघडू नका. जून २०२५ मध्ये तिथे जीपीएसमध्ये ढवळाढवळ झाली तेव्हा शेकडो जहाजांच्या खुणा भलत्याच जागी दिसत होत्या.

समुद्रात असताना दिवा लाल झाला आणि दुरुस्ती धक्क्यावरच होणार असेल, तर व्हीएचएफच्या १६ नंबरच्या, संकटाच्या हाकेच्या चॅनलवर कान ठेवा, जवळ येणाऱ्या जहाजाला नाव घेऊन हाक द्या, रडार रिफ्लेक्टर (दुसऱ्यांच्या रडारवर आपण ठळक दिसावं म्हणून असतो तो) वर चढवा, डोलकाठीवरचे दिवे लावा आणि एक खलाशी फक्त नजर ठेवायला बसवा. जीव धोक्यात आला तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. तो केबिनमध्ये, पेटीच्या शेजारीच, न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहून ठेवा.